मायचं वय

कापसाची दुसरी वेचणी तोंडावर आली आणि मजुरांचा पत्ता नव्हता. सातपुड्यातून दरवर्षी येणारी माणसं यंदा दिवाळी झाली तशी गुजरातेत उसाला निघून गेली. मग काय, घरातलीच चार माणसं कमरेला झोळ्या बांधून शेतात. मी, माझा नवरा योगेंद्र, सासरे पितांबर नाना आणि सासू कमलबाई. सासूला आम्ही माय म्हणतो. तिला किती वेळा म्हटलं, तू घरी बस, भाकरी थापून ठेव. ऐकेल तर ती माय कसली!

"मन्हा हात दुखतस का तुन्हा?" म्हणायची. "मी घर बसू आनी कापूस भुईवर पडू देऊ?"

त्या दिवशी दुपारी ती माझ्या शेजारच्याच ओळीत होती. ठिबकची नळी सरीतून वर उचलली गेली होती, तिच्यात पाय अडकला आणि माय आडवी झाली. झोळी पोटावर होती, पडली मात्र बरोबर डाव्या खुब्यावर. मी धावले तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या बाजूला कलला होता. माय रडली नाही, ओरडली नाही. मला म्हणते, "झोळी सोड पहिले. कापूसले माती लागी ऱ्हायनी."

योगेंद्रने ट्रॉली आणली. वेचलेल्या कापसावरच तिला निजवलं. बांधावरून चाक उतरलं की माय ओठ दाताखाली धरायची. घरी आल्यावर शेजाऱ्याची पिकअप केली आणि नंदुरबार गाठलं.

फोटो निघाला. डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा होता. म्हणाला, "खुब्याचा गोळा मोडलाय. या वयात तो जुळत नाही, बदलावा लागेल. आठ-दहा दिवसांत केलं तर चांगलंच."

"खर्च?" योगेंद्रने विचारलं.

"सगळं धरून दोनच्या आसपास."

दोन म्हणजे लाख. आमच्याकडे जमीन आहे, तापीचं पाणी आहे, पण यंदा पपईला व्हायरस लागला आणि अख्खा बाग उपटून टाकावा लागला. घरात कापूस होता तो दहा क्विंटल धरा. योगेंद्रचं तोंड उतरलं. नाना मात्र खुर्चीवरून ताठ उठले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत शिबिर झालं होतं, सत्तरच्या वरच्या माणसांना सरकारचं कार्ड, पाच लाखापर्यंत दवाखाना फुकट. त्या दिवसापासून नाना पारावर बसून सांगत फिरायचे, सरकारने माझ्या नावावर पाच लाख ठेवलेत. लोक चिडवायचे, मंग नाना, ट्रॅक्टर ली ले!

योजनेच्या टेबलावर फाल्गुनी नावाची मुलगी बसायची. तिने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "बाबा, हे तुमचं आहे. आजींचं द्या."

"घरनं एकच शे," नाना म्हणाले. "नवरा-बायको काय येगळा शेतस का?"

"कार्ड ज्याचं त्याचं असतं, बाबा. नवऱ्याच्या कार्डावर बायकोला नाही घेता येत. आजींचं आधार दाखवा, आत्ताच बनवून देते. पैसे लागत नाहीत."

मी पिशवीतून मायचं आधार काढून दिलं. फाल्गुनीने पाहिलं आणि मान हलवली. "एक जानेवारी अठ्ठावन्न. सदुसष्ट झाले. सत्तर पूर्ण लागतात. आणखी दोन वर्षं."

"दोन वरीस ती खाटवर पडी ऱ्हाई का?" योगेंद्र चढ्या आवाजात बोलला. "दखाले ती सत्तरनी नही दिखस का?"

"दादा, मी दिसण्यावर नाही देऊ शकत." बिचारी शांतपणे बोलत होती. "रेशनकार्डावरची दुसरी योजना आहे, पण तुमचं कार्ड ऑनलाइन झालेलंच नाही. तहसीलला अर्ज करा. पण त्याला महिना लागेल असं समजून चाला."

मी सहज स्ट्रेचरकडे पाहिलं. माय नानांकडे बघत होती. नाना भिंतीवरचं पोस्टर वाचत होते. चष्मा तर घरी राहिला होता. मला तेव्हा काही कळलं नाही.

दवाखान्यात ठेवायचं म्हणजे रोजचा खर्च. डॉक्टरने पायाला वजन लावायची पद्धत दाखवली आणि घरी न्यायला सांगितलं. "गोळा बदलायचा आहे, तो दोन-तीन आठवड्यांनीही बदलता येईल. पण उताणं पडून राहिलं की म्हाताऱ्या माणसाची छाती भरते. त्यांना बसवत राहा, श्वास खोल घ्यायला लावा. पैशाची किंवा कार्डाची सोय झाली की लगेच आणा."

ओसरीवर खाट टाकली. पायथ्याचे दोन खूर विटांवर चढवले. घोट्याला पट्टी, पट्टीला दोरी, दोरीला सिमेंटच्या गोणीच्या तुकड्यात बांधलेल्या आणखी दोन विटा. माय हललीच तर विटा खाटेच्या लाकडावर ठक्क वाजायच्या आणि ती डोळे मिटून घ्यायची. सकाळी उठून तिचं सगळं करायचं, भांडं लावायचं, पुसायचं, कुशीला उशी द्यायची, स्वयंपाक करायचा आणि नऊला कापसात जायचं. शेत थांबत नाही ना कोणासाठी. दोनला परत आले की पहिलं तिचं अंथरूण चाचपायचं. ओलं असलं तर ती आधीच तोंड भिंतीकडे वळवून पडलेली असायची. पंचावन्न वर्षं जिने या घरात दुसऱ्यांचं धुतलं तिला माझ्याकडून धुवून घेताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मी गप्पा मारायचे, हसवायचे, तिला बरं वाटावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी तिचं अंग पुसत होते. म्हणाली, "चेतना, दार लोटी ले."

दार लोटलं.

"मन्हं वय सदुसष्ट नही शे."

"मंग कितलं?"

"मी तुन्हा सासराथीन अडीच वरीस मोठी शे."

मला हसूच फुटलं. वाटलं, दुखण्यात बरळतेय. ती हसली नाही. मग तिने सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, मध्ये पाणी पीत. नानांची बहीण सुपडू मायच्या भावाला, हिरालालमामाला द्यायची होती. मामाच्या घरचे म्हणाले, तुमची पोर घेतो, पण आमची कमल तुम्ही घ्या. साटंलोटं. मायला एकोणीस संपलं होतं, तेव्हाच्या मानाने पोर घरात राहून गेलेली. नाना सतरा वर्षांचे, धड मिशी फुटलेली नाही. मांडवात बायका कुजबुजल्या. नवऱ्याच्या मित्रांनी तर तोंडावर घोडनवरी म्हटलं.

"तुन्हा सासरा गोठामा जाईसन रडनात," माय म्हणाली. "तिसरा दिन मले म्हननात, आजपाईन तू मन्हाथीन पाच वरीस लहान शे. ध्यानमा ठेव. तवयपाईन मी लहान शे."

हे सांगताना मात्र ती हसली, आणि विटा वाजल्या.

मतदार यादी आली तेव्हा नानांनीच वय सांगितलं. रेशनकार्ड, बँक, आधार, सगळीकडे नानाच पुढे उभे राहून सांगायचे, बायको पाच वर्षांनी लहान. कागदाला कागद जुळत गेला. माय कुठल्याही टेबलासमोर तोंड उघडायची नाही. वय विचारलं की नानांकडे बोट दाखवायची.

"तुनापा काही पुरावा शे का?" मी विचारलं.

"माहेरले तिसरीलोंग शाळामा गयथू मी. गुरुजीस्नी नाव लिखेल व्हई."

"मंग माय, आजच सांगूत ना योगेंद्रले! दाखला काढसूत, आधार नीट करसूत..."

तिने माझं मनगट धरलं. केवढी पकड होती त्या हाताची! "नही. आन शे तुले मन्ही. पंचावन वरीस ज्या माणूसनी मान सांभाळी, तेन्ही मान मी आते खाले करू का? त्या सोता सांगतीन. त्यास्ले सांगू दे."

मी शपथ घेतली. मूर्खासारखी घेतली.

नाना काय करत होते या दिवसांत? रोज आंघोळ करून पांढरी टोपी घालून बाहेर पडायचे. कार्डाच्या कामाला. आज सारंगखेड्याला कोणाला भेटायचं, उद्या शहाद्याला, परवा नंदुरबारला कोण पुढाऱ्याचा माणूस आहे. संध्याकाळी यायचे, धूळ झटकायचे, खाटेजवळ उभे राहून म्हणायचे, "मानूस भेटी गया. वयनं काही अडचन नही म्हने. व्हई जाई." माय त्यांच्याकडे बघत राहायची. ते विटांकडे बघायचे.

सहाव्या दिवशी योगेंद्र जेवताना म्हणाला, "नाना, मी म्हनस कापूस देई टाकूत, जो भाव भेटी तो. बाकीना पैसा दोस्तसपाईन उचलस. चेतना सोनं बी देवाले तयार शे."

मी तयार होतेच. गळ्यातलं काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं.

"थांब," नाना म्हणाले. "फुकट व्हई ऱ्हायनं तठे दोन लाख कसाले घालस? दोन दिन थांब. कार्ड व्हई जाई."

योगेंद्र बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नाही. खाली मान घालून भाकरी मोडत बसला. माझं डोकं तापलं. नानांच्या ताटात मी भाजी अशी आदळली की उडून त्यांच्या धोतरावर गेली.

"काय व्हयनं तुले?" नानांनी विचारलं.

तोंडापर्यंत आलं होतं. ओसरीवरून माय खोकली. मी म्हटलं, "काही नही," आणि फडकं आणायला गेले.

नवव्या दिवशी सकाळी मायला कुशीवर घेतलं तर माकडहाडावरची कातडी चादरीला चिकटून आली. आदल्या दिवशी तिथे नुसता लाल डाग होता. अंग गरम लागत होतं. खोकला रात्रभर होता, पण आता खोकताना तिला बळच राहिलं नव्हतं, घशात घरघर अडकून राहायची. मी चादर ओढली, हात धुतले आणि बाहेर आले. नाना टोपी घालून चपला शोधत होते.

मी दारात उभी राहिले. "नाना, आज कोठे?"

"नंदुरबारले. एक जन..."

"मायनं वय कितलं शे?"

त्यांचा हात टोपीवर गेला तसाच राहिला.

"तुम्ही सांगतस का मी सांगू?" माझा आवाज अंगणात जात होता. जाऊ दे म्हटलं. "मायनी पाठ फुटी गई. छाती भरी ऱ्हायनी. आनी तुम्ही गावे-गाव फिरी ऱ्हायनात, वयनी अडचन नही सांगी ऱ्हायनात! ती तुम्हनाथीन मोठी शे. मोठी शे ती! चौऱ्याहत्तर शे तिले!"

योगेंद्र गोठ्यातून आला. शेणाचे हात तसेच. "कोन मोठं शे?"

नानांनी खाटेकडे पाहिलं. "तू सांगी दिधं का हिले?"

मायने डोळे मिटून घेतले. नाना उंबऱ्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मन्हा बाप मरना. सुपडू मरनी. जाननारा सगळा मरी गयात, एक हिरालाल ऱ्हायना. मले वाटनं, मिटी गयं."

मला वाटलं योगेंद्र ओरडेल. निदान एकदा तरी ओरडावं. त्याने हात बादलीत धुतले, गमछ्याला पुसले आणि मोटरसायकल बाहेर काढली. "चाला नाना. मामाना गावले जाऊत."

मायचं माहेर तापीच्या पलीकडे. घरी मायजवळ शेजारची तुळशीबाई बसली आणि मीही निघाले, कारण नाना शाळेपर्यंत जातील याचा मला भरवसा नव्हता. योगेंद्रने फोन केला होता, हिरालालमामा शाळेच्या फाटकापाशी वाट बघत होता. त्याच्याबरोबर गावातली दोन म्हातारी माणसं होती, रिकामटेकडी, काय चाललंय ते बघायला आलेली. शाळेच्या मुख्याध्यापिका रूपलीबाई पाडवी. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, वाळवीची माती झटकत एकेक रजिस्टर खाली ठेवलं. पाचव्या रजिस्टरात नाव सापडलं. बाईंनी मोठ्याने वाचलं. त्यांना काय माहीत, दाखला वाचायचा तसा वाचला. "कमल, बापाचं नाव, जात, धंदा शेती. जन्म बारा जून एकोणीसशे एक्कावन्न."

खिडकीतून पोरं बघत होती. नाना हात जोडून उभे होते.

"अर्ज द्यावा लागेल," बाई म्हणाल्या. "आधारला वय वेगळं का लागलं ते कारण लिहा. नवऱ्याच्या हातचं असलं तर बरं."

नाना सातवी शिकलेले. त्यांनी पोराच्या बाकावर बसून लिहिलं. पेन कागदावर टेकवलं की थांबायचे. मी खांद्यामागून वाचलं. 'माझी पत्नी माझ्याहून मोठी आहे. वय मी कमी सांगितले. तिची चूक नाही.'

बघायला आलेल्यांतला एक म्हातारा चष्मा वर करून हसला. "पितांबर, मंग इतला वरीस तू तिले अवं म्हनना का? तुले तर तिना पाया पडाले पाहिजे!"

सगळे हसले. शिपाईसुद्धा. नानांनीही हसायचा प्रयत्न केला, ओठ हलले, पण कान लाल झाले होते. सहा दिवस मी मनात म्हणत होते, एकदा या माणसाची चांगली जिरावी. आता जिरत होती तर मला बघवेना. मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं, "आप्पा, तुम्ही घर जा आते." तो गेला नाही. दाखला मिळेपर्यंत तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आधार केंद्र. तारीख बदलायची तर माणूस स्वतः हजर पाहिजे. मशीन घरी आणायची सोय आहे म्हणाले, पण तिला नंबर लावा, कधी येईल सांगता येत नाही. म्हणून मायला खाटेसकट पिकअपमध्ये चढवलं. विटा सोडल्या, पाय दोन उशांमध्ये बांधला. केंद्राच्या दारातून खाट आत जाईना. आडवी केली, तिरकी केली, जाईना. शेवटी चौघांनी गोधडीची चार टोकं धरून तिला उचललं. तेव्हा माय पहिल्यांदा ओरडली. रांगेतल्या बायकांनी पोरांचे डोळे झाकले.

मशीनवर बोटं उमटेनात. आयुष्यभर कापसाच्या बोंडांनी खरवडलेली बोटं ती, त्यावर रेषा कुठल्या राहणार! ओल्या फडक्याने पुसलं, दाबलं, उमटेनात. मग डोळ्यांचं मशीन लावलं. "आजी, डोळे मोठे करा." माय डोळे मोठे करून छताकडे बघत राहिली. ते घेतलं मशीनने.

"तीन-चार दिवसांत होतं," केंद्रातला माणूस म्हणाला. "कधी जास्तही लागतात."

बाहेर पिकअपजवळ योगेंद्र माझ्याकडे बघून म्हणाला, "चार दिन." मी म्हटलं, "चार दिन काय, जातीन निंघी." तेव्हाच सोनं मोडून तिला तसंच दवाखान्यात नेता आलं असतं. माझ्या पदराच्या गाठीत सोनं होतंच. पण एवढं सगळं केलं, एवढी लाज निघाली, आता चार दिवसांसाठी दोन लाख कशाला घालवायचे? असं आम्हा दोघांनाही वाटलं. मी एकट्या योगेंद्रवर ढकलणार नाही.

गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, दोन इंजेक्शनं दिली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. योगेंद्र रोज सकाळी मोबाईलवर नंबर टाकायचा. प्रक्रियेत आहे. चौथा दिवस गेला. सहावा गेला. प्रक्रियेत आहे.

नानांनी बाहेर जाणं सोडलं. टोपी खुंटीला लटकत होती. मी शेतातून यायच्या आत ते मायचं भांडं काढून धुऊन ठेवायचे. या घरात पुरुषाने बायकोचं भांडं उचललेलं मी कधी पाहिलं नव्हतं, योगेंद्रनेही नाही. माझ्याकडून शिकून घेतलं, कुशीला कसं करायचं, पाठीवर हळू थापट्या कशा मारायच्या. थापट्या मारता मारता दोघं बोलत असायची. एकदा मी आत भाकरी करत होते तर ऐकू आलं.

"गावमा माहीत पडी गयं का?" माय विचारत होती.

"पडी गयं."

"काय म्हनतस?"

"म्हनतस, पितांबरनी बायको मोठी शे."

"मंग?"

"मंग काय? शेच तू मोठी."

माय हसली, आणि त्या हसण्याचा जो खोकला झाला तो थांबेचना. मी पिठाच्या हाताने धावत बाहेर आले. नाना तिला छातीशी धरून बसले होते आणि म्हणत होते, हसू नको, हसू नको वं.

केंद्रात जाऊन आल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी मेसेज आला. जन्मतारीख बदलली. योगेंद्रने मला मोबाईल दाखवला आणि अंगणात उभा राहून पोरासारखा रडला. तासाभरात आम्ही नंदुरबारला. फाल्गुनी धावतच स्ट्रेचरपाशी आली. मोबाईल मायच्या तोंडासमोर धरला. "आजी, इकडे बघा. पापणी मिटा, उघडा." मायला पापणी उघडायला दोनदा सांगावं लागलं. दहा मिनिटांत कार्ड तयार. पाच लाख, मायच्या नावावर. एक रुपया लागला नाही.

डॉक्टरने कानातली नळी मायच्या छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग आम्हाला बाजूला घेतलं. "आता भूल देता येणार नाही. दोन्ही बाजूंनी छाती भरली आहे. आधी हे बरं करू, मग पायाचं बघू. आयसीयूत घेतो. कार्ड आहे, खर्चाची काळजी करू नका."

"आधी आनती तर?" नानांनी विचारलं.

डॉक्टर खोटं बोलला नाही. "पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर आत्ता त्या वॉकर धरून चालत असत्या, बहुतेक."

तीन दिवस काचेतून बघायचं. आत एकाच माणसाला सोडायचे, पाच मिनिटं. तिन्ही दिवस ती पाच मिनिटं नानांनाच दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता माय गेली.

योगेंद्र फोन करायला जिन्याकडे गेला. मी आणि नाना बाकावर. फाल्गुनी हातात कागद घेऊन आली, तिचेही डोळे लाल होते. "बाबा, आत्ता विचारू नये. पण हा कागद भरल्याशिवाय फाईल बंद होत नाही."

"विचार," नाना म्हणाले.

"दवाखान्याने तुमच्याकडून काही पैसे घेतले का? औषधाला, तपासणीला, कशालाही?"

"नही."

"म्हणजे तुमचा काही खर्च झाला नाही, असं लिहू?"

नाना कागदाकडे बघत होते. मग त्यांनी बोट ठेवलं, जिथे रिकामी रेघ होती तिथे. "आठे लिख. नऊ दिन."

"कसले नऊ दिवस, बाबा?"

"मी चूप बसनू ते. तेवीस दिन ती पडेल व्हती. तेन्हामा नऊ मन्हा शेतस. लिख पोरी."

फाल्गुनीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "इथे फक्त रुपये लिहिता येतात."

"मंग शून्य लिख," नाना म्हणाले आणि सहीसाठी हात पुढे केला. सही करताना पूर्ण नाव लिहिलं.

नऊ म्हणाले ते. त्यातले सहा दिवस मला सगळं माहीत होतं आणि मीही गप्प होते. हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही.